दोष पुन्हा घडवून दाखवा : सातारा-सांगलीतून गेम टेस्टिंगच्या कामाकडे

पुण्यातील एका कंपनीत टेस्टर म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी नोंदवलेला एक बग, म्हणजे गेममधला दोष, तीनदा परत आला. मोटारशर्यतीचा मोबाइल गेम होता आणि शर्यत संपून निकालाची स्क्रीन आली की तो बंद पडत असे. माझ्या फोनवर हे १० पैकी १० वेळा घडायचे, डेव्हलपरच्या फोनवर एकदाही नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी ‘नॉट रिप्रोड्युसिबल’, म्हणजे पुन्हा घडवता येत नाही, असा शेरा मारून नोंद बंद केली जायची. चौथ्यांदा लिहिण्याआधी मी दोन्ही फोन शेजारी ठेवून सेटिंग्जमधील एकेक ओळ ताडून पाहिली, तेव्हा फरक सापडला. साताऱ्याहून आणलेल्या माझ्या फोनची भाषा मराठी होती. अँड्रॉइडमध्ये भाषा मराठी ठेवली आणि प्रोग्रामरने काळजी घेतली नसली, तर संख्या देवनागरी अंकांत तयार होतात. गेम माझे गुण ‘१२४०’ असे देवनागरीत सर्व्हरकडे पाठवत होता, सर्व्हरला ती संख्या आहे हेच कळत नव्हते, आणि सर्व्हरने नकार दिला तर काय करायचे याची सोय गेममध्ये केलेली नव्हती. नोंदीत ‘फोनची भाषा : मराठी’ एवढी एक ओळ वाढवली आणि त्याच दिवशी संध्याकाळी बग दुरुस्त झाला.

ही हकिगत आधी सांगण्याचे कारण असे की गेम टेस्टिंगची नोकरी म्हणजे दिवसभर गेम खेळण्याचा पगार, अशी समजूत करून घेऊन जी मुले माझ्याकडे चौकशीला येतात, त्यांना या कामाचा खरा गाभा तिच्यातून लवकर कळतो. दोष दिसणे ही कामाची सुरुवात असते. तो नेमका कोणत्या परिस्थितीत घडतो हे हुडकणे आणि शंभर-दोनशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला तो त्याच्या टेबलावर पुन्हा घडवता येईल अशा शब्दांत लिहून देणे, यासाठी पगार मिळतो.

कामाचा दिवस कसा असतो

सकाळी नवीन बिल्ड येते, म्हणजे रात्रीपर्यंत केलेल्या बदलांसह तयार झालेली गेमची ताजी आवृत्ती. तिची पहिली तपासणी म्हणजे स्मोक टेस्ट : गेम उघडतो का, मेनू चालतो का, एक फेरी सुरू होऊन संपते का, प्रगती जतन होते का. यातच बिल्ड नापास झाली तर पुढे वेळ घालवण्यात अर्थ नसतो. पास झाली तर लीडने, म्हणजे गटप्रमुखाने, नेमून दिलेल्या टेस्ट केस, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या तपासण्या, एकामागून एक चालवायच्या आणि प्रत्येकीपुढे पास किंवा फेल लिहायचे. त्यानंतर दुरुस्त झाले म्हणून सांगितलेले जुने बग खरोखर गेले का आणि त्या दुरुस्तीने दुसरे काही मोडले का, हे पाहायचे. याला रिग्रेशन म्हणतात आणि कंटाळवाणेपणात याचा हात कोणी धरत नाही. एका किल्ल्याच्या पातळीवर मी सलग तीन दिवस फक्त भिंतींना घासत चाललो आहे, कारण पात्र कुठल्या दगडातून आरपार जाते ते शोधायचे होते. ज्याला गेम खेळायला आवडते त्याला हे काम आवडेलच असे नाही, आणि एकच जिना साठ वेळा चढून एकसष्टाव्या वेळीही पायरीकडे लक्ष ठेवणारा माणूस खेळण्यात सामान्य असला तरी येथे चांगला निभावतो.

दोष शोधण्याची पद्धत

सांगलीच्या बाजारात हळद घेणारा जाणकार व्यापारी पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या हळकुंडांवर भाव ठरवत नाही. तो आतले हळकुंड काढून मोडतो आणि त्याचा गाभा पाहतो. गेमचेही तसेच आहे. ज्या वाटेने खेळाडूने जावे अशी रचनाकाराची अपेक्षा असते, ती वाट बहुधा ठीकठाक असते, कारण त्या वाटेने डेव्हलपर स्वतः शंभर वेळा गेलेला असतो. दोष आडवाटांवर असतात.

पहिली आडवाट सीमांची. १९८० साली आलेल्या ‘पॅक-मॅन’मध्ये पातळीचा आकडा आठ बिटांत साठवला जात होता आणि आठ बिटांत ० ते २५५ एवढेच मावते. २५६ व्या पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूच्या पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जाई आणि ती पातळी पूर्ण करणे अशक्य होई. त्यामुळे गेममधील थैलीत ९९९ नाणी मावतात असे रचनेच्या कागदात लिहिलेले असेल, तर ९९८, ९९९ आणि १००० या तिन्ही आकड्यांना थैली काय करते ते पाहावे आणि त्याबरोबर ० आणि १ हेही तपासावे. पाचशे नाण्यांवर थैली व्यवस्थित चालते, हे कळून कोणालाच फारसा उपयोग नसतो.

दुसरी आडवाट दोन यंत्रणा जेथे एकमेकींना भेटतात तेथे असते. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये एका राक्षसाने दिलेला संसर्गजन्य शाप त्याच्या गुहेपुरताच राहणे अपेक्षित होते. खेळाडू गुहेतून बाहेर पडला की त्याचा शाप निघून जात असे, पण त्याच्या पाळीव प्राण्याला शाप लागलेला असताना त्या प्राण्याला मागे धाडले आणि शहरात पुन्हा बोलावले, तर प्राणी शापासकट अवतरत असे. त्यातून शहरेच्या शहरे ओस पडली आणि शेवटी कंपनीला सर्व्हर पूर्ववत करून मामला मिटवावा लागला. शापाची यंत्रणा आणि प्राण्यांची यंत्रणा वेगवेगळी तपासली असता दोन्ही बरोबरच वाटली असती. म्हणून आपल्या वहीत गेममधील यंत्रणांची यादी करावी, प्रत्येक जोडीपुढे एक प्रश्न लिहावा आणि त्या प्रश्नांची उत्तरे खेळून मिळवावीत.

तिसरी आडवाट व्यत्ययाची आणि आपल्याकडच्या मुलांना ती आयती उपलब्ध आहे. मोबाइल गेम चालू असताना फोन येतो, बॅटरी संपते, साठवणुकीची जागा भरते, वीज जाऊन वाय-फाय बंद पडते आणि फोन मोबाइल डेटावर जातो. शहरातल्या चकचकीत कार्यालयात यांतले काही आपोआप घडत नाही. मुद्दाम घडवावे लागते. मी साताऱ्याहून पुण्याला जाताना एसटीत बसून खंबाटकीच्या बोगद्याची वाट पाहत असे : बस बोगद्यात शिरण्याच्या बेतात असताना गेममधील खरेदीचे बटण दाबायचे, आत गेल्यावर रेंज जाऊ द्यायची आणि पलीकडे उजेड दिसला की नाणी किती उरली ते पाहायचे. एका गेममध्ये तेथेच मला पुढे दिलेला दोष सापडला. घरी हाच प्रयोग एअरप्लेन मोडने करता येतो. त्याखेरीज फोनची तारीख एक दिवस पुढे करून रोजचे बक्षीस पुन्हा मिळते का आणि प्रगती जतन होत असतानाच गेम बंद केला तर काय होते, हेही पाहावे. अँड्रॉइडच्या ‘अबाउट फोन’मधील बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू केले तर दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत येताच कमी रॅमच्या फोनवर दिसणारे अनेक दोष चांगल्या फोनवरही उघडे पडतात.

उपकरणांचा मुद्दा थोडक्यात सांगतो. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला तेव्हा ताकदवान संगणकावर तो बऱ्यापैकी चालत होता, पण जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ मध्ये पुन्हा विक्रीला ठेवला. तपासणी करताना आपल्या हातातील सर्वांत हलका फोन आधी घ्यावा, हे त्यातून उमगावे. घरातला चार-पाच वर्षांपूर्वीचा फोन मोडीत काढू नका.

नोंद कशी लिहावी

माझ्या फोनवर दहाही वेळा घडणाऱ्या त्या बगची माझी सुरुवातीची नोंद मात्र ‘निकालाच्या स्क्रीनवर गेम कधीकधी बंद पडतो’ अशी होती. यातला ‘कधीकधी’ हा शब्द टेस्टरने वापरू नये. त्याच्या जागी १० वेळा करून पाहिल्यावर किती वेळा घडले तो आकडा लिहावा. बोगद्यातल्या त्या दोषाची नोंद मी पुढीलप्रमाणे केली होती. कंपन्यांमध्ये नोंदी इंग्रजीत लिहाव्या लागतात, येथे ती मराठीत देतो :

शीर्षक : दुकान – खरेदी चालू असताना नेटवर्क तुटून परत आल्यास नाणी दोनदा वजा होतात.
परिस्थिती : बिल्ड ४१२, ३ जीबी रॅमचा फोन, अँड्रॉइड १०, फोनची भाषा मराठी, मोबाइल डेटा.
पूर्वतयारी : खात्यात नेमकी ५०० नाणी असावीत.
पायऱ्या : १. मुख्य मेनूतून दुकान उघडा. २. १०० नाण्यांची ढाल निवडा. ३. ‘खरेदी’ दाबा आणि एका सेकंदाच्या आत एअरप्लेन मोड चालू करा. ४. २० सेकंद थांबून तो बंद करा. ५. दुकानातील शिल्लक पाहा.
अपेक्षित : ४०० नाणी आणि एक ढाल.
प्रत्यक्ष : ३०० नाणी आणि एक ढाल.
वारंवारता : १० पैकी ७.
सोबत : स्क्रीनचे चित्रीकरण आणि लॉग (फोनने आपोआप लिहून ठेवलेली घडामोडींची नोंद).

येथे पायरीत बोगदा नाही, एअरप्लेन मोड आहे, कारण डेव्हलपरला खंबाटकीला येऊन नोंद पडताळता येणार नाही. घाटात दोष सापडल्यावर मी घरी बसून तो टेबलावर घडवण्याची युक्ती शोधली, त्यात दीड तास गेला आणि माझ्या मते त्या आठवड्यातला तोच खऱ्या कामाचा दीड तास होता. दुसरी गोष्ट अशी की ‘प्रत्यक्ष’ या रकान्यात फक्त जे दिसले ते लिहावे. ‘सर्व्हरवर विनंती दोनदा जात असावी’ हा माझा तर्क होता आणि तो बरोबरही निघाला, पण तर्क वेगळ्या टिपेत लिहावा. निरीक्षणात मिसळला तर तो चुकल्यावर डेव्हलपर संपूर्ण नोंदीवरचाच विश्वास काढून घेतो.

नोंदीला गंभीरता आणि प्राधान्य अशा दोन वेगळ्या पट्ट्या लावाव्या लागतात आणि नवशिका त्या दोन्हींची गल्लत करतो. गेम कोलमडणे गंभीर असते; पण ते सेटिंग्जमधील एका आडबाजूच्या पर्यायाला ४० वेळा दाबल्यावरच घडत असेल, तर प्राधान्य कमी ठरू शकते. उलट गेमच्या पहिल्या स्क्रीनवर गेमचेच नाव चुकीचे छापले असेल, तर खेळायला काहीही अडथळा नसूनही ते आजच दुरुस्त व्हायला हवे. गंभीरता टेस्टर ठरवतो. प्राधान्य बहुतेक ठिकाणी लीड किंवा प्रोड्युसर ठरवतो. आपला बग ‘वोन्ट फिक्स’, म्हणजे दुरुस्त करणार नाही, म्हणून बंद झाला तर रुसू नये. तो जाणूनबुजून राहिला, याची नोंद झाली, एवढे टेस्टरचे काम पूर्ण झालेले असते.

मराठीचे भांडवल

भाषेची तपासणी ही या व्यवसायातील वेगळी शाखा आहे आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ज्याची लाज वाटते, तेच येथे त्याचे भांडवल ठरते. गेम बनवण्याच्या काही साधनांत देवनागरी अक्षरे जुळवण्याची सोय मुळात अपुरी असते. युनिटीसारख्या लोकप्रिय इंजिनातील मजकुराच्या प्रचलित घटकानेही अनेक वर्षे या बाबतीत त्रास दिला आहे. तेथे ‘अजिंक्यतारा’ हा शब्द टाकून पाहा. ज ची ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसते आणि ‘क्य’ जोडला न जाता पाय मोडलेला क आणि शेजारी सुटा य दिसतो. ‘विश्रामबाग’ आणि ‘कृष्णा’ हेही चांगले परीक्षक शब्द आहेत. ‘साताऱ्याला जाणाऱ्या’ हे दोन शब्द तर मी प्रत्येक फॉन्टवर तपासतो, कारण चंद्रकोरीसारखा आडवा र हिंदीला लागत नाही आणि हिंदीसाठी निवडलेल्या फॉन्टमध्ये किंवा टंकलेखनात त्याचे हमखास वाटोळे होते.

खेळाडूचे नाव घेणारा रकाना विशेष काळजीने पाहावा. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचे वाटते, पण संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीत ते १० घटकांचे आहे. मर्यादा आठ घटकांची असेल तर नाव ‘ज्ञानेश्’ असे पाय मोडून थांबते. मर्यादा घटकांऐवजी बाइटमध्ये मोजलेली असेल तर गोष्ट आणखी बिघडते, कारण युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या प्रकारात देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो आणि २० बाइटची मर्यादा सातव्या घटकाच्या मधोमध कापते. तेथे मग प्रश्नचिन्ह किंवा रिकामी चौकट उमटते.

व्याकरणाचे दोष यंत्राला सहसा दिसत नाहीत. ‘१ नाणी मिळाली’ हे वाक्य इंग्रजी साच्यात आकडा ओतल्याने तयार होते. ‘सायली जिंकला’ हेही त्याच घराण्यातले. नावाला विभक्तीप्रत्यय जागा सोडून लागतो आणि ‘राजू ला ढाल मिळाली’ असे दिसते. अशा वेळी ‘भाषांतर वाईट आहे’ असे न लिहिता, वाक्याचा साचाच बदलायला हवा हे उदाहरणासह लिहावे आणि ‘मिळालेली नाणी : १’ असा कोणत्याही आकड्याला आणि लिंगाला चालणारा पर्यायही सुचवावा.

घरी बसून तयारी आणि नोकरी

पदवी कोणती, यावर फारसे अडत नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी संगणकशास्त्र शिकणाऱ्याला पुढे स्वयंचलित चाचण्या लिहिण्याकडे वळणे सोपे जाईल, पण हाताने तपासणी करण्याच्या कामाला कला शाखेचा विद्यार्थीही चालतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगचे प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा दिली तर संज्ञा पक्क्या होतात. तिच्यात ४० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी २६ बरोबर यावे लागतात. तथापि मी कोणाला निवडताना प्रमाणपत्राआधी त्याने लिहिलेल्या नोंदी मागतो.

त्या नोंदी जमवण्यासाठी ‘सुपरटक्सकार्ट’ किंवा ‘झिरो ए.डी.’ यांसारखा मुक्त स्रोत गेम घ्यावा, कारण त्यांची बगची यादी सर्वांना खुली असते. आधी त्या यादीतील बंद झालेल्या पन्नास नोंदी वाचाव्यात. कोणत्या नोंदीला डेव्हलपरने लगेच उत्तर दिले आणि कोणत्या नोंदीखाली ‘आणखी माहिती द्या’ असे लिहिले, एवढे पाहिले तरी अर्धे शिक्षण होते. मग स्वतः सापडवलेला एखादा दोष, तो आधी कोणी नोंदवलेला नाही याची खात्री करून, लिहावा. दुसरा मार्ग ओळखीतल्या होतकरू डेव्हलपरचा आहे. गूगल प्लेवर नव्याने वैयक्तिक खाते उघडणाऱ्याला गेम प्रसिद्ध करण्याआधी किमान १२ टेस्टरांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते आणि ही १२ माणसे जमवताना त्याच्या नाकी नऊ येतात. त्याला केवळ नाव देऊ नका, चौदा दिवसांत पाच चांगल्या नोंदी द्या. अशा पाच नोंदी आणि त्यांची चित्रीकरणे एका फोल्डरमध्ये ठेवली की मुलाखतीला न्यायला पुरेसा ऐवज होतो.

आपल्याला जवळच्या नोकऱ्या बहुतांशी पुण्यातच आहेत. युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीचा स्टुडिओ तेथे २००८ पासून आहे आणि दुसऱ्यांच्या गेमची तपासणी कंत्राटाने घेणाऱ्या कंपन्याही आहेत. अर्ज करण्यापूर्वी ती कंपनी कोणत्या प्रकारच्या गेमवर काम करते ते पाहा, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आहे. नेमणूक बहुधा एका प्रकल्पापुरती असते. त्यामुळे प्रकल्प संपल्यावर काय, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, रात्रपाळी असल्यास घरी सोडण्याची गाडी आहे का, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारावे; विचारणाऱ्याला कोणी वाईट म्हणत नाही. गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते आणि ती गांभीर्याने घ्यावी. प्रसिद्ध न झालेल्या गेमचा एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्याने माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा त्याच दुपारी ओळखपत्र जमा करून गावी परतला.

‘घरबसल्या रोज दोन तास गेम खेळा आणि हजारो रुपये मिळवा, फक्त नोंदणी शुल्क भरा’ अशा टेलिग्रामवरील जाहिराती सातारा-सांगलीच्या मुलांच्या फोनवर सतत येत असतात. खरी कंपनी टेस्टरकडून पैसे घेत नाही, ना नोंदणीसाठी, ना प्रशिक्षणासाठी, ना ‘परत मिळणाऱ्या’ अनामतीसाठी. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या क्रमांकावर फोन करावा आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचे संदेश क्रमाने सांगावेत; ज्याला बगची नोंद लिहिता येते त्याला ही तक्रारही तशीच मुद्देसूद लिहिता येईल.